दुर्मिळ म्हणून मिरवणारी बनावट फुलपाखरं: जुनी चौकट तपासायची कशी

कोल्हापुरात संग्रहातली फुलपाखरं साधारण तीन वाटांनी समोर येतात. एक, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या जुन्या काचपेट्या. दोन, संस्थानकाळातल्या एखाद्या वाड्यातून किंवा बंगल्यातून निघालेल्या भिंतीवरच्या चौकटी. तीन, मोबाईलवर फिरणाऱ्या विक्रीच्या जाहिराती. तिन्हीकडे एखादं फुलपाखरू 'दुर्मिळ' म्हणून दाखवलं जातं. त्यातली काही रंगवलेली असतात, काही दोन-तीन फुलपाखरांचे तुकडे जोडून केलेली, तर काहींचं अंग खरं असतं आणि टाचणीखालची माहितीची चिठ्ठी खोटी. कॉलेजमध्ये संग्रहाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आणि घरात अशी चौकट सापडलेल्यांसाठी हे टिपण आहे.

एक क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी कायदा, मग चिठ्ठी, मग पंख. नवखा माणूस बरोबर उलटं करतो. एकदा पंख बघून मन हरखलं की चिठ्ठीतली चूक दिसूनही डोळा ती सोडून देतो.

काय काय जवळ हवं

- १० पट मोठं दाखवणारं भिंग. गुजरीत सोनार डोळ्याला लावतात तेच चालतं. २० पटीचं मिळालं तर जोड तपासायला बरं.
- बाजूने उजेड पाडता येईल असा छोटा टॉर्च.
- ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. नोटा तपासायचे स्वस्त जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात. त्यांचाच उजेड इतका जांभळा असतो की चकाकी नीट कळत नाही.
- मऊ टोकाचा चिमटा, ००० नंबरचा ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरा टीपकागद.
- जाड थर्माकोलचा तुकडा, टाचणी टोचून ठेवायला.
- मिलिमीटरची पट्टी, मोबाईलचा कॅमेरा, बांधीव वही.

पंखा बंद करूनच चौकट उघडा. वाळलेलं फुलपाखरू पापडापेक्षा ठिसूळ असतं, आणि मिशी मोडली की अर्धा पुरावा गेला.

१. हात लावण्याआधी कायदा बघा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचींमध्ये फुलपाखरांच्या अनेक प्रजाती आहेत. त्या पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूची झाल्या आणि याद्या नव्याने मांडल्या गेल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी बघून निर्णय घेऊ नका. जुन्या यादीत डॅनेड एगफ्लाय आणि क्रिमझन रोझ ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत होती, आणि ही तर आपल्या रोजच्या बघण्यातली. 'नेहमी दिसतं म्हणजे चालतं' हा समज इथेच मोडतो.

देशाबाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या फुलपाखरांना साइट्स, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, लागू होतो. बर्डविंग गटातली फुलपाखरं, कैसर-ए-हिंद, भूतान ग्लोरी, अपोलो ही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग पहिल्या. करारातल्या प्रजाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतही आल्या आहेत.

घरात वारशाने चौकट आली असेल तर ती विकायला काढू नका. चौकटीचा पुढून-मागून फोटो काढा आणि वनविभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारा. अनुसूचीतल्या प्राण्याचा नमुना बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागू शकतं. नवीन नमुने गोळा करण्याचा विचार असेल तर राधानगरी अभयारण्याच्या किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय एक सुरवंटही उचलता येत नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. फुलपाखरू बनावट निघालं म्हणून ते कायद्यातून सुटत नाही. जोडलेल्या फुलपाखराचे पंख अनुसूचीतल्या प्रजातीचे असू शकतात.

२. चिठ्ठी वाचा

टाचणीखालची चिठ्ठी म्हणजे नमुन्याची जन्मपत्रिका: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. या तीन गोष्टी नसतील तर फुलपाखरू कितीही देखणं असो, अभ्यासाच्या दृष्टीने ती शोभेची वस्तू. बनावटीत सगळ्यात जास्त नुकसान खोट्या चिठ्ठीने होतं, कारण रंगवलेला पंख भिंगाखाली सापडतो पण खोटं ठिकाण थेट अभ्यासाच्या यादीत जाऊन बसतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या केंट भागातले काही विक्रेते युरोपातून आणलेली फुलपाखरं 'इथेच पकडली' म्हणून विकत. अंगाने ती फुलपाखरं शंभर टक्के खरी होती.

आपल्या भागातल्या चिठ्ठ्या तपासायला इतिहासाच्या तारखा फार उपयोगी पडतात:

- कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. १९३८ च्या चिठ्ठीवर 'जि. कोल्हापूर' असेल तर ती त्या वर्षी लिहिलेली नाही.
- 'महाराष्ट्र' हे राज्य १ मे १९६० चं.
- सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. 'आंबोली, जि. सिंधुदुर्ग, १९६५' ही चिठ्ठी नंतरची.
- पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून.
- बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमारास. त्याआधीच्या तारखेला बॉलपेनची रेघ दिसली तर थांबा.

पण घाई करून कुणाला खोटं ठरवू नका. वाळवीने खाल्लेली किंवा पुसट झालेली चिठ्ठी प्रामाणिक माणसानेही नव्याने उतरवून काढलेली असते. अशा वेळी जुना कागद बहुतेक त्याच टाचणीवर खाली टोचून ठेवलेला सापडतो. म्हणून टाचणीवरची कोणतीही चिठ्ठी, कितीही मळकी असली, तरी फेकू नका.

मग ठिकाण आणि प्रजाती जुळतात का ते बघा. कैसर-ए-हिंद पूर्व हिमालयातलं. त्याखाली 'आंबोली' किंवा 'पन्हाळा' लिहिलेलं असेल तर पुढे काही तपासायची गरजच नाही. चिठ्ठीवर उंची दिली असेल तर तीही पडताळा. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे.

३. खवले बघा

फुलपाखराचा पंख म्हणजे पारदर्शक पडदा, आणि त्यावर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले. एक खवला साधारण ०.१ मिलिमीटर लांब आणि त्याच्या निम्मा रुंद. एका खवल्याचा साधारणपणे एकच रंग असतो. म्हणजे नक्षी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, कणाकणाने बनते. पंखावरच्या काळ्या ठिपक्याची कड भिंगाखाली धरा: खरी कड दातेरी दिसेल, काही काळे खवले पिवळ्यांत घुसलेले, काही पिवळे काळ्यांत, पण प्रत्येक खवला सुटा आणि त्याचा रंग त्याच्यापुरता.

रंगवलेली कड तशी नसते. तिथे शाई एका खवल्यावरून दुसऱ्यावर ओघळलेली असते, अर्धा खवला काळा आणि अर्धा पिवळा दिसतो, खवले एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात. टॉर्च बाजूने, पंखाला जवळजवळ समांतर धरा. रंगाचा थर असेल तर तेवढा भाग गुळगुळीत चमकतो, बाकीचा पंख मखमली राहतो. शिरांवरही लक्ष ठेवा. खरी नक्षी बहुतेक शिरांच्या मधल्या कप्प्यांत बसलेली असते. ब्रश मात्र शिरा ओलांडून सरळ जातो. डावा आणि उजवा पंख ताडून बघा, मग खालची बाजू बघा. वर रंगवणारा खाली रंगवायचं अनेकदा विसरतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तीनशे वर्षांपूर्वीचं. १७०२ मध्ये लंडनचे कीटक-संग्राहक जेम्स पेटिव्हर यांच्याकडे एक पिवळं फुलपाखरू आलं, पंखांवर काळे डाग आणि निळ्या चंद्रकोरी. असं दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७६३ मध्ये त्याला पॅपिलिओ एक्लिप्सिस असं शास्त्रीय नाव दिलं. १७९३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने ते बारकाईने पाहिलं आणि लक्षात आलं की हे युरोपातलं ब्रिमस्टोन नावाचं साधं पिवळं फुलपाखरू आहे, डाग हाताने रंगवलेले. नव्वद वर्षं ते खपलं. म्हणून जाणकाराचं नाव किंवा जुनं पुस्तक हा पुरावा धरू नका, भिंग धरा.

खवले खरवडूनही बनावट करतात: साध्या पंखात 'काचेची खिडकी' तयार करायची. खऱ्या पारदर्शक पंखावर बारीक केस किंवा विरळ खवले शिस्तीत असतात. खरवडलेल्या जागी खवल्यांच्या रिकाम्या खोबण्यांच्या ओळी दिसतात आणि कडेला तुटके खवले.

ब्लीचने 'पांढरं दुर्मिळ' केलेलं असेल तर पंख भुरे आणि शिरा फिकट झालेल्या असतात, पण छाती आणि पोट मूळ गडद रंगाचं राहिलेलं असतं.

४. जोड शोधा

सगळ्यात महाग खोटेपणा इथे चालतो. अर्धं नर, अर्धं मादी असलेलं फुलपाखरू निसर्गात खरोखर असतं, पण फार क्वचित. म्हणून त्याला किंमत, आणि म्हणून ते कारखान्यासारखं बनवलं जातं. नर-मादी अगदी वेगळे दिसणारी प्रजाती यासाठी निवडतात. डॅनेड एगफ्लायचा नर काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा, ठिपक्यांभोवती जांभळी झळाळी. मादी प्लेन टायगरची नक्कल करणारी केशरी. एकाचे डावे पंख, दुसरीचे उजवे, आणि डिंक.

तपासायचा क्रम असा:

अ) पंखाचं मूळ. पुढच्या पंखाच्या मुळाशी छातीवर केसाळ खवल्यांची छोटी झापड असते. खऱ्या नमुन्यात ती सुटी, केस मोकळे. डिंक लावलेला असेल तर केस ओल्या ब्रशसारखे चिकटलेले आणि सांध्यात काचेसारखा चमकणारा मणी. सुपरग्लूचा वापर असेल तर भोवती पांढुरकी भुकटी बसते. तिला बुरशी समजू नका.

आ) अंग. खऱ्या अर्धनारी फुलपाखरात फरक पंखांपुरता नसतो. मिशा, पाय, पोटाचं टोक, जननांगं यांतही डाव्या-उजव्यात फरक असू शकतो. पंख अर्धे-अर्धे आणि पोट मात्र सरळ नराचं किंवा सरळ मादीचं असेल तर संशय घट्ट करा. उलट, विखुरलेल्या ठिगळांसारखं मिश्रणही निसर्गात होतं. त्यामुळे रेघ सरळ मधोमध नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नका.

इ) पाय मोजा. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. टायगर, पॅन्सी, एगफ्लाय यांच्या कुळात पुढचे दोन पाय आखूड, ब्रशसारखे, छातीला चिकटलेले असतात, चालायला चारच. मॉरमॉन, रोझ, बर्डविंग यांच्या कुळात सहाही पाय पुरते वाढलेले. पंख मॉरमॉनचे आणि पाय चार, तर अंग दुसऱ्याचं आहे. मोडलेला पाय आणि मुळातच आखूड पाय यातला फरक भिंगाखाली कळतो: मोडलेल्या पायाचं बूड जाड राहतं.

ई) शेपटी. नीलवंत, म्हणजे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन, बिनशेपटीचं असतं. त्याला शेपटी लावून 'वेगळा प्रकार' म्हणून दाखवलं तर फसू नका. कॉमन मॉरमॉनसारख्या शेपटीच्या प्रजातीत पंखातली एक शीर सलग शेपटीत उतरते. चिकटवलेल्या शेपटीत ती शीर जोडापाशी तुटते किंवा किंचित सरकलेली दिसते. पंख उजेडासमोर धरून बघा, लगेच सापडेल.

उ) लिंगाच्या खुणा. प्लेन टायगरच्या नराच्या मागच्या पंखावर गंधाचा एक जादा काळा ठिपका असतो, मध्ये पांढुरका. 'मादी' म्हणून दिलेल्या नमुन्यावर तो असेल तर पंख तरी बदललेत किंवा नाव तरी चुकलंय.

दुरुस्ती आणि बनावट एक नव्हे. निसटलेलं पोट किंवा मोडलेली मिशी त्याच नमुन्याची परत चिकटवणं ही चांगली सवय आहे. चिठ्ठीवर 'पोट चिकटवले, तारीख' एवढं लिहिलं की ती दुरुस्ती. न लिहिता लपवली तर उद्या तुमच्याच प्रामाणिक नमुन्यावर कुणीतरी बोट ठेवेल.

५. रंग बदललाय की बदलवलाय

काही रंग रंगद्रव्याचे, काही खवल्याच्या सूक्ष्म रचनेचे. रचनेचा रंग कोन बदलला की बदलतो किंवा विझतो. एगफ्लायच्या नराची जांभळी झळाळी फुलपाखरू फिरवताना येते-जाते; सगळ्या कोनांतून सारखं जांभळं दिसलं तर तो लावलेला रंग. दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फोच्या निळ्या पंखावर अल्कोहोलचा थेंब टेकवला की ती जागा हिरवी होते आणि वाळल्यावर पुन्हा निळी. निळा छापील प्लास्टिकचा तुकडा 'मॉर्फो' म्हणून आला असेल तर हा थेंब लगेच सांगतो.

बाकी प्रजातींवर हीच चाचणी शाई शोधायला वापरा, पण जपून. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, पोटाजवळच्या कडेला, ब्रशच्या टोकाने जेमतेम १ मिलिमीटर जागा ओली करायची आणि टीपकागद टेकवायचा. कागदावर रंग उतरला तर शाई. चिठ्ठीपासून अल्कोहोल लांब ठेवा, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.

काही रंगबदल कुणी न करताही होतात. कीटक मारायच्या सायनाइडच्या बाटलीत जास्त वेळ राहिलेली पिवळी फुलपाखरं लालसर-केशरी पडू शकतात. उन्हाच्या भिंतीवरच्या चौकटीत काळ्याचं तपकिरी होतं, पण रचनेची निळाई टिकते, आणि मग नमुना भलताच अनोखा दिसतो. पोटातली चरबी पाझरली की पंख तेलकट आणि गडद होतात. हे 'काळं दुर्मिळ रूप' म्हणून विकलेलं असतं. पोटापासून बाहेर पसरत जाणारा, सीमा नसलेला गडदपणा म्हणजे बहुतेक चरबीच. आपल्या पावसाळ्यात याला बुरशीची भर पडते. पेटीत सिलिका जेल ठेवा, ती रंग बदलेल तेव्हा वाळवा, आणि चौकट ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

६. अतिनील उजेडात

खोली पूर्ण अंधारी करा. फेविकॉलसारखे पांढरे डिंक आणि बरेच आधुनिक रंग निळसर-पांढरे चकाकतात, त्यामुळे पंखाच्या मुळाशी किंवा पोटाच्या सांध्यात ठिपका उजळला की भिंग तिकडे न्या. चिठ्ठीचा कागदही बघा. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चकाकणारी रसायनं १९५० च्या आसपास वापरात आली. १९२० ची चिठ्ठी झगझगीत निळी दिसली तर तो कागद नंतरचा.

इथे एक सापळा आहे. बर्डविंगच्या मागच्या पंखातला पिवळा मुळातच चकाकतो. म्हणून चकाकी दिसली म्हणजे रंग लावलाय, असं कधीच एकट्या या चाचणीवर ठरवू नका. त्याच प्रजातीचा खात्रीचा नमुना शेजारी ठेवून ताडा.

७. खोटं नाही, पण दुर्मिळही नाही

कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात डोळ्यांसारख्या ठिपक्यांचं असतं आणि कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखं, ठिपके जवळजवळ गायब. पीकॉक पॅन्सीचंही तसंच; कोरड्या दिवसांतल्या रूपाच्या पंखांना टोकं येतात. ऋतू बदलला की रूप बदलतं, ही वेगळी जात नव्हे. कॉमन मॉरमॉनची मादी तर तीन रूपांत येते: एक नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं.

कोषाला सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत थंडीचा धक्का दिला तर नक्षी विचित्र होते, ठिपके लांबतात, एकमेकांत मिसळतात. पंख, खवले, शिरा सगळं खरं; कोणत्याही भिंगाला खोट सापडणार नाही. हा बदल पुढच्या पिढीत उतरत नाही. 'कोषाला थंड करून वाढवलेले' असं चिठ्ठीवर लिहिलं असेल तर नमुना प्रामाणिक. लिहिलं नसेल तर ओळखायला चिठ्ठी आणि विक्रेत्याचा शब्द याखेरीज काही हातात उरत नाही, आणि म्हणूनच अशा नमुन्याला दुर्मिळ म्हणून पैसे मोजू नयेत.

८. विकत घेण्याची वेळ आलीच तर

हे कागद हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका:

- प्रजातीचं शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, पकडलेलं की वाढवलेलं हे लिहिलेली चिठ्ठी
- नाव-पत्त्यासह बिल
- साइट्समधली प्रजाती असेल तर निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना आणि आपल्याकडची आयातीची परवानगी
- खालून-वरून, आणि पंखाच्या मुळाचे जवळून काढलेले फोटो

शेवटचा फोटो मागितला की बरेच विक्रेते गप्प होतात. काचेला आरपार चिकटवलेला, मागून बंद केलेला नमुना घेऊच नका. खालची बाजू आणि पाय बघता येत नसतील तर वरच्या सगळ्या चाचण्या वाया. मादागास्करचा सनसेट मॉथ 'इंद्रधनुषी फुलपाखरू' म्हणून विकला जातो. तो पतंग आहे. मिशा बघा: फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गोंडा असतो.

९. बनावट सापडलं तर

फेकू नका आणि जोड सोडवायच्या मागे लागू नका. वहीत तारीख, काय दिसलं, कुठल्या चाचणीत दिसलं ते लिहा. प्रत्येक खुणेचा पट्टी ठेवून फोटो काढा. टाचणीवर जुन्या चिठ्ठ्यांच्या खाली एक नवी चिठ्ठी घाला: 'कृत्रिम: डावे पंख दुसऱ्या नमुन्याचे', तपासणाऱ्याचं नाव, तारीख. लिहायला पेन्सिल किंवा न पुसणारी काळी शाई. मग तो नमुना मुख्य संग्रहातून काढून वेगळ्या पेटीत ठेवा. विद्यार्थ्यांना शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. एक्लिप्सिसचे दोन नमुने लंडनच्या लिनियन सोसायटीने आजही जपून ठेवलेत.

शंका राहिलीच तर नमुना पोस्टाने पाठवू नका. फोटो आणि वहीची पानं घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात किंवा पुण्याला आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात विचारा. कुणी संरक्षित फुलपाखरं विकताना आढळलं तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्या माणसाशी स्वतः सौदा करून पुरावा मिळवायला जाऊ नका, त्यात खरेदीदार म्हणून तुमचंच नाव अडकतं.